खंड ५०, पान १८१

पाऊस सरला की आम्ही बदलापूरकर एकदा तरी बारवी धरणावर जाऊन येतो. यंदा नातू सोबत होता. तो हृदयशस्त्रक्रियेचं शिक्षण घेतोय. मुळगावचा खंडोबा मागे पडला, पाणी दिसू लागलं, तसा त्यानं मोबाइल पुढे केला. "आजोबा, हे आमचे सर. पेपर बघा, सायटेशन बघा, एच-इंडेक्स बघा!" वीस पेपरना प्रत्येकी किमान वीस सायटेशन, म्हणजे इतरांच्या लेखांतले उल्लेख, असले की एच-इंडेक्स वीस, असं त्यानं समजावलं. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली काढलेलं हे माप.

१९७२ साली एमआयडीसीनं हे धरण बांधलं, तेव्हा बदलापूर म्हणजे भाताची खाचरं आणि कर्जत लोकल. त्याच लोकलनं मी पुढे तीस-बत्तीस वर्षं परळच्या एका वैद्यकीय ग्रंथालयात कामाला गेलो. आता धरणाची उंची वाढली आहे, त्याचं पाणी पार मीरा-भाईंदरपर्यंत जातं, आणि शोधनिबंधांचा हिशेब खिशात मावतो.

तेव्हा तो हिशेब पोस्टमन आणायचा. परदेशातून छापील कार्डं येत : आपल्या अमुक लेखाची एक प्रत पाठवावी. प्राग, वॉर्सा, ब्युनोस आयर्स. डॉक्टर तिकिटं सोडवून मुलांना देत आणि कार्डं रबरबँड लावून खणात ठेवत. आपलं कुणीतरी वाचतंय, याचा हातात धरता येईल असा तेवढाच पुरावा. 'इंडेक्स मेडिकस'चे जाडजूड अंक बोटीनं यायचे, महिनोन्महिने उशिरा. आणि कोणाच्या लेखाचा उल्लेख कोणी केला हे शोधायचं तर 'सायन्स सायटेशन इंडेक्स' लागे. तो आमच्याकडे नव्हता. दुसऱ्या ग्रंथालयात जाऊन, भिंग घेऊन, मुंगीएवढ्या अक्षरांवरून बोट फिरवायचं.

असंच एकदा माझं बोट केईएमच्या डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या नावावर थांबलं. सेनसाहेब लोकांना माहीत आहेत ते १६ फेब्रुवारी १९६८ मुळे. बर्नार्ड यांनी केलेल्या जगातल्या पहिल्या मानवी हृदयारोपणानंतर अडीच महिन्यांत त्यांनी परळला हृदयारोपण केलं. रुग्ण काही तासांतच गेला. मला मात्र त्यांचा १९६५ चा निबंध जास्त मोठा वाटतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयात कप्प्यातलं रक्त थेट स्नायूत झिरपतं. मग माणसाच्या हृदयाला सुईनं बारीक छिद्रं पाडून तसंच रक्त पोचवता येईल का? किती धीट प्रश्न! कुत्र्यांवर प्रयोग झाले, निबंध अमेरिकेच्या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आला. १९६७ नंतर बायपासचा जमाना सुरू झाला आणि ही कल्पना मागे पडली. पण १९८० च्या दशकात अमेरिकेत मिरहोसैनी यांनी सुईच्या जागी लेझर आणला, आणि परळचा निबंध पुन्हा संदर्भांत झळकू लागला. १९९८ साली तिथल्या सरकारी यंत्रणेनं त्या लेझरला परवानगीही दिली. छिद्रं पुढे बुजतात, हेही संशोधकांनी दाखवलं. विरोधात लिहिणाऱ्यांनीही सेनांचा उल्लेख केला, तोही मोजणीत एकच धरला जातो. पहिल्या दोन-चार वर्षांच्या आकड्यावर कुणी या निबंधाची किंमत ठरवली असती, तर केवढी चूक झाली असती!

मोबाइलला मी नावं ठेवणार नाही. त्या जुन्या छापील सायटेशन-सूचीत फक्त पहिल्या लेखकाचं नाव असे. सेनांच्या जोडीला उदवाडिया, किनरे आणि परुळकर होते, हे तिथे दिसतच नसे. आज प्रत्येकाच्या नावावर तो निबंध दिसतो. हा न्याय उशिरा का होईना, झाला याचा मला मनापासून आनंद आहे. यातले तेहेमतन उदवाडिया पुढे भारतातल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे अग्रणी झाले.

तरी मी नातवाला विचारलं, "तुझ्या सरांचा सगळ्यात जास्त सायटेशनचा पेपर तू वाचलास?" तो खाली पाण्याकडे बघत राहिला. "सारांश वाचलाय, आजोबा."

आमच्याकडे प्रत मिळवायलाच दोन महिने लागत. मग ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली जाई, समासात पेन्सिलीच्या खुणा होत. तेवढंच हरवलंय, आणि ते परत आणता येण्यासारखं आहे.

घरी परतताना त्यानं माझ्याकडून सेनांच्या निबंधाचा तपशील लिहून घेतला. भिंगाखाली पाहिलेली ती ओळ मला अजून पाठ आहे : सेन पी. के., ६५, खंड ५०, पान १८१.