बोट बुडवून

आप्पांनी माझ्या टबात बोट बुडवलं आणि सरळ जिभेला लावलं.

मी ओरडलेच. "आप्पा, अहो खत आहे त्यात!"

"ठावं हाय की," म्हणाले. मग जरा वेळ गप्प. "खारट झालंय. ह्यात काय जगायचं न्हाई."

ही गोष्ट २०२५ च्या एप्रिलमधली. जागा, आमची पुण्यातली नवव्या मजल्यावरची बाल्कनी. आणि टब म्हणजे माझं हायड्रोपोनिक्स, बिनमातीची शेती. आमच्याकडे येऊन ज्यांनी लेट्यूसची पानं मीठ-लिंबू लावून खाल्ली आहेत त्यांना माहीत आहेच. बाकीच्यांसाठी थोडक्यात: चाळीस लिटरचा झाकणवाला टब, झाकणाला भोकं, भोकांत जाळीचे पेले, पेल्यांत कोकोपीटवर वाढवलेली रोपं आणि त्यांची मुळं खाली पाण्यात लोंबणारी. पाण्यात खत विरघळवलेलं. माशांच्या टाकीला लावतात तसला हवेचा पंप अखंड बुडबुडे सोडत असतो, कारण मुळांनाही श्वास लागतो. एवढंच.

म्हणजे मला तेव्हा वाटायचं, एवढंच.

आई गेल्यावर, २०२३ मध्ये, आप्पा आमच्याकडे राहायला आले. वाळवा तालुक्यातला माणूस, उभा जन्म उसात गेलेला. फ्लॅटमध्ये दिवसभर करायचं काय? मी हा उद्योग मांडला त्यात थोडा हेतू त्यांचा जीव रमावा हाही होता. पण त्यांनी पहिल्याच दिवशी "बिनमातीची शेती म्हंजे बिनपाण्याची आंघोळ" असा निकाल दिला आणि पुढं वर्षभर त्या कोपऱ्याकडे फिरकले नाहीत. पेपर घेऊन दुसऱ्या टोकाला बसायचे. मीही मग हट्टाला पेटले. मीटर आणलं. पेनासारखं असतं, पाण्यात बुडवलं की ईसी दाखवतं. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी त्यातून वीज जास्त वाहते, त्यावरून हा आकडा. लेट्यूसला साधारण ०.८ ते १.६ पुरतं. पीएच ५.५ ते ६.५ च्या मध्ये ठेवायचा. वहीत रोज सकाळी दोन्ही आकडे लिहायचे. (ऑफिसातल्या एक्सेल शीटपेक्षा जास्त प्रेमानं मी ही वही भरली आहे.)

फेब्रुवारीपर्यंत सगळं झकास. महापालिकेचं पाणी म्हणजे मुळात खडकवासल्याचं, माझ्या मीटरवर ०.२ सुद्धा भरत नाही. रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीनही बरंचसं उडून जातं. त्यात ए आणि बी बाटल्यांतलं खत मोजून घातलं की १.४, थोडं फॉस्फोरिक ॲसिड थेंबाथेंबानं, की पीएच ६. झालं.

ए आणि बी अशा दोन बाटल्या का, हे मात्र मला आप्पांकडूनच कळलं. मी एकदा आळसानं दोन्ही खतं एकाच मगात घट्ट कालवली आणि चुन्यासारखा पांढरा साका खाली बसला. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "कॅल्शियम नायट्रेट आन बारा एकसष्ट एका ड्रमात? तासगावचा द्राक्षवाला हसंल तुला." कॅल्शियम आणि फॉस्फेट किंवा सल्फेट घट्ट द्रावणात एकत्र आले की एकमेकांना धरून खाली बसतात, मुळांना मिळत नाहीत. भरपूर पाण्यात एकेक करून घातले तर चालतं. म्हणजे फिरकत नसले तरी लक्ष होतं तर!

मार्चअखेर पाणीकपात सुरू झाली आणि सोसायटीत टँकर यायला लागले. टँकरचं पाणी बोअरचं. मीटरवर १.१, नुसतं, खताशिवाय. मी वहीत आकडा लिहिला आणि पुढं गेले. इथं माझं चुकलं. एप्रिलच्या उन्हात झाडं रोज दोनेक लिटर पाणी पितात, तेवढं मी रोज वरून घालत होते. टब रिकामा करून नवं पाणी भरायचा विचारही मनात आला नाही. खाली टँकरसाठी भांडणं चाललेली आणि मी चाळीस लिटर मोरीत ओतू? मनाला पटेना.

आता हिशेब बघा. १.१ ईसीच्या पाण्यात लिटरमागे ढोबळमानानं पाऊण ग्रॅमच्या आतबाहेर क्षार असतात. रोज दोन लिटर, वीस दिवस. म्हणजे साधारण अठ्ठावीस ग्रॅम क्षार मी माझ्या हातानं टबात घातले. झाड पाणी पितं, त्याची वाफ होऊन पानातून निघून जाते. क्षारातलं हवं तेवढं झाड घेतं, नको ते तिथंच ठेवतं. सोडियम, क्लोराईड, बायकार्बोनेट... हे पाहुणे येतात ते मुक्कामालाच.

पण मीटर काय दाखवत होतं? १.७! जरा चढं, पण घाबरण्यासारखं नाही. कारण झाडांनी तोवर माझं खत बरंचसं खाऊन टाकलं होतं आणि त्याची जागा टँकरच्या क्षारांनी घेतली होती. पाण्यात एकूण किती विरघळलंय ते मीटर सांगतं, काय विरघळलंय ते सांगत नाही. पगार वेळेवर जमा होतोय म्हणून घर नीट चाललंय असं समजण्यातला प्रकार.

कोवळी पानं पिवळी पडायला लागली, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. हे लोह कमी पडल्याचं लक्षण. लोह खतात होतं, पण पीएच पोचला होता ७.८ वर, आणि तिथं साधं ईडीटीएचं लोह टिकत नाही. ॲसिड घालून संध्याकाळी ६ वर आणावं तर दोन दिवसांत पुन्हा साडेसात, कारण रोजच्या नव्या पाण्याबरोबर बायकार्बोनेट येतच होतं. मला वाटलं, भुकेली आहेत बिचारी. म्हणून आणखी खत घातलं. चांगलं सढळ हातानं. मीटर २.९.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाडं माना टाकून उभी. मुळं पाण्यात बुडालेली, आणि पानं मात्र सुकलेली! मी टबापुढं फतकल मारून बसले होते, तेव्हा आप्पा पहिल्यांदा उठून त्या कोपऱ्यात आले आणि त्यांनी बोट बुडवलं.

"पाण्यात हुबं हाय आन तानंनं मरतंय," ते म्हणाले. "आपला खालचा तुकडा आठवतोय का?"

आठवत होता, पण पांढरा. मी कॉलेजात असताना, १९९० च्या दशकात, आमच्या पाच एकरांतला खालचा दोन एकराचा तुकडा मीठफुटीनं गेला. उन्हाळ्यात वर पीठ भुरभुरावं तसा थर यायचा, त्यावर चप्पल कुरकुरायची. कृष्णाकाठी अशी कितीतरी रानं गेली. पाटाचं पाणी आलं, ऊस आला, पाणी द्यायला कुणी हात आखडला नाही, आणि काळ्या भारी जमिनीतून ते खाली उतरेना. भूजल वर वर आलं, उन्हानं पाणी उडालं, क्षार मागं राहिले. आमच्या घरात याचं कारण एकच सांगितलं जायचं: कालवा. मीही तेच ऐकत मोठी झाले.

"कालव्याचं पाणी वाईट न्हवतं," आप्पा टबाकडे बघत म्हणाले. "पाण्याला भायेर जायला वाट न्हवती. चर काढायला पाहिजे हुता. थोरल्याच्या रानातनं न्यावा लागला असता वढ्यापतूर."

"मग काकांनी नाही म्हटलं?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. खालून टँकरच्या मोटारीचा आवाज येत होता.

"इचारलंच न्हाई मी. वाटणीवरनं बोलणं बंद हुतं. तुझी आई म्हणायची, एकदा जावा, दोन शब्द बोला. न्हाई गेलो."

आईनं हे मला कधीच सांगितलं नव्हतं. काका २०१५ मध्येच गेले. मला काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी मीटर पुसत बसले.

"वत हे," ते एकदम उठून म्हणाले. "समदं. नुसतं वर वर घालून काय हुतंय? पयलं भायेर काढ."

बादल्या भरल्या. त्या मी मनीप्लांटच्या कुंड्यांना घालायला निघाले तर हातातून घेतल्या, "हितला रोग तिथं कशाला?" लिफ्टनं दोन फेऱ्या करून, निम्मं साधं पाणी मिसळून, त्यांनी ते सोसायटीतल्या नारळांना घातलं. नारळाला खारं पाणी सोसतं. वॉचमनलाही कामाला लावलं, हे वेगळं सांगायला नको.

मग नव्यानं भरलं. निम्मं टँकरचं, निम्मं आमच्या स्वयंपाकघरातल्या आरओचं. ईसी निम्म्यावर आली, आणि बोअरमधलं कॅल्शियम थोडं उपयोगीही पडलं. नुसत्या आरओच्या पाण्यात तेही नसतं. ॲसिड आधी एका लिटरच्या नमुन्यावर थेंब मोजून पाहिलं, मग टबात. हे आप्पांचं ज्ञान: ठिबकच्या नळ्यांत चुना साठला की ते फॉस्फोरिक ॲसिड सोडायचे, तेव्हा असंच एका बादलीवर आधी बघायचे. (ॲसिड नेहमी पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, आणि हातात मोजे. भाचेमंडळी वाचतात म्हणून लिहिते.) दुपारी द्रावण ३१ अंशांवर जायचं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, मुळं तपकिरी चिकट होऊन कुजतात. त्यावर फ्रीजरमधली बर्फाची बाटली आत सोडायची. आणि दर दहा दिवसांनी सगळं पाणी बदलायचं, मग मीटर काहीही म्हणो.

जुनी लेट्यूस वाचली नाही. पालकाची चार रोपं वाचली.

१९३८ साली कॅलिफोर्नियात होगलंड आणि आर्नन यांनी पाण्यावर झाडं वाढवायची जी पुस्तिका लिहिली, तिच्यातली द्रावणं अजून जगभर वापरतात. मी तीवरूनच खताचे आकडे शिकले होते. पण अशी सूत्रं आपण स्वच्छ पाणी धरून वाचतो, आणि टँकर काही पुस्तिका वाचून येत नाही. असो.

जूनमध्ये पाऊस लागला. आप्पांनी गच्चीवर स्वच्छ पातेलं मांडलं. मीटर बुडवलं तर ०.०३. त्यांनी बोट चाटलं, "कायबी लागत न्हाई," म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्या वहीत स्वतः आकडा लिहिला. तारखेसकट, मोडीसारख्या वळणदार अक्षरात.

त्याच आठवड्यात गावाहून थोरल्या काकांच्या मुलाचा फोन आला. आसपासचे शेतकरी मिळून भूमिगत निचरा करायचं म्हणतायत, जमिनीखालून भोकांचे पाईप टाकून पाणी ओढ्यात सोडायचं. त्यातली एक ओळ आमच्या खालच्या तुकड्यातून न्यावी लागणार. हेच विचारायला तो आधीही दोनदा फोन करून गेला होता, आणि आप्पांनी "बघू" म्हणून ठेवून दिला होता. मला हेही माहीत नव्हतं.

या वेळी त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "कुठनं बी ने," म्हणाले. "मी येतो, सोमवारी."

जाताना मीटर खिशात घालून गेले. त्याला तीन आठवडे झाले. तोवर इकडं पालकाचं पाणी मी बोट बुडवूनच बघते आहे. आकडे मीटर परत आलं की लिहीन.