शिक्षेचं गाव

"मॅगझीनच्या मराठी विभागासाठी लेख द्यावेत" अशी नोटीस मेसच्या दारावर लागली आणि मी "मी देते" म्हटलं, तेव्हा माझ्या रूममेट्स पोट धरधरून हसल्या. त्याला कारणही तसंच आहे. माझं शिक्षण पहिलीपासून नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'एकोणसत्तर' म्हणजे सिक्स्टी-नाईन की सेव्हन्टी-नाईन, हे मला आजही मनातल्या मनात मोजून काढावं लागतं. तरीही मी हे धाडस का करतेय, ते शेवटी कळेलच. मधे चुका सापडल्या तर सांभाळून घ्या.

तर मंडळी, रत्नागिरी! सीईटीत मार्क जरा कमी पडले. कॅप राऊंडमध्ये आधी पुणं हुकलं, मग मुंबई हुकली, आणि फॉर्मच्या तळाशी 'भरायचं म्हणून भरलेलं' रत्नागिरी पदरात पडलं. पहिल्याच पावसाळ्यात माझी जीन्स आठ दिवस वाळली नाही. कपाटातल्या बुटांना बुरशी आली. 'काळ्या पाण्याची शिक्षा' हा आमच्या रूमचा आवडता शब्द झाला. सेकंड इयरला ट्रान्सफर घेऊन पळायचा प्लॅन होता, तोही फसला. मग मी एक निषेध सुरू केला. रत्नागिरी बघायचीच नाही! अडीच वर्षांत माझी रत्नागिरी म्हणजे हॉस्टेल, कॉलेज, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन आणि कोणाचा बर्थडे असला तर मांडवी. बस्स.

या गोष्टीत दुसरं पात्र आहे माझे आजोबा, आईचे वडील. निवृत्त शिक्षक, विषय अर्थातच मराठी. मी फर्स्ट इयरला असताना ते मला हॉस्टेलच्या पत्त्यावर पोस्टकार्डं पाठवायचे. एकदा मी मोठ्या हौसेने उत्तर लिहिलं. आठ दिवसांनी माझंच पत्र मला परत आलं, लाल शाईने तपासून! तेवीस चुका. खाली शेरा: 'मजकूर चांगला. ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष द्यावे.' रूममेट्सनी ते पत्र माझ्या कपाटावर चिकटवलं आणि आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला दाखवलं. मला इतका राग आला की मी परत पत्र लिहिलंच नाही. पोस्टकार्डं मात्र येत राहिली. हळूहळू त्यांतलं अक्षर मोठं होत गेलं, ओळी तिरक्या व्हायला लागल्या, एकावर एक चढायला लागल्या. मग कार्डं यायची बंद झाली. मला वाटलं, चला, सुटले. का बंद झाली हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

ते या दिवाळीत कळलं. आजोबांना काचबिंदू झाला होता, दोन्ही डोळ्यांना. या आजारात कडेचं दिसणं आधी जातं, मग नजर आकसत आकसत मधे येते. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायची, एवढंच औषधांच्या हातात. आई फोनवर म्हणाली, "त्यांना रत्नागिरी बघायचीय. म्हणतात, नात आहे तिथे, ती दाखवेल."

मी दाखवेन? मला थिबा पॅलेसला कुठून वळायचं ते माहीत नव्हतं!

डिसेंबरच्या एका शुक्रवारी सकाळी मामा त्यांना घेऊन आला. गाडीतून उतरल्या उतरल्या आजोबांचा पहिला प्रश्न, "अगं, रत्नागिरीच्या आधी केवढा मोठा बोगदा लागतो! किती लांब आहे? इंजिनियर ना तू?" मी अर्थातच गप्प. शेजारचा हमालच म्हणाला, "करबुड्याचा बोगदा तो. साडेसहा किलोमीटर. कोकण रेल्वेवर सगळ्यात मोठा." अडीच वर्षांत त्या बोगद्यातून मी पंधरा-वीस वेळा तरी गेले असेन, दर वेळी झोपलेली.

मामाला रत्नागिरी म्हणजे लॉजवरची झोप आणि ताटातला मासा एवढीच हवी होती. त्यामुळे रिक्षात बसलो आम्ही दोघंच. पहिला मुक्काम टिळक आळी. लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, याच घरातला. जांभ्या दगडाचं, कौलारू, कोकणातल्या कुठल्याही घरासारखं घर. दहा वर्षांचे असताना वडिलांची बदली झाली म्हणून टिळक पुण्याला गेले. आजोबा माहितीच्या फलकासमोर उभे राहिले, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाले, "वाच."

"मी?"

"मग कोण? मला हेडिंग दिसतंय, खालचं नाही."

आजूबाजूला एका शाळेची ट्रिप होती. मी वाचायला लागले. जोडाक्षर आलं की गाडी अडायची, आकडा आला की रुळावरून घसरायची. "एटीन फिफ्टी-सिक्स..." "अठराशे छप्पन्न," आजोबा. ट्रिपमधली दोन पोरं तोंडावर हात ठेवून हसली. इकडे माझे कान गरम झालेले, आणि आजोबा मात्र शांत. एका शब्दालाही "चूक" म्हणाले नाहीत. नुसतं बरोबर काय ते सांगायचे आणि मी पुढे जायचे.

तिथून पतितपावन मंदिर. अंदमानातून हिंदुस्थानात आणल्यावर सावरकरांना १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध केलं होतं. जिल्हा सोडायचा नाही, राजकारण करायचं नाही, या अटीवर. त्या काळात, १९३१ साली, सर्व जातींना खुलं असलेलं हे मंदिर उभं राहिलं. पैसा दिला भागोजीशेठ कीर यांनी. पायरीवर बसून आजोबा म्हणाले, "तुमच्या परीक्षेच्या फॉर्मवर 'दिनांक' आणि 'क्रमांक' असतं ना? ते शब्द सावरकरांचे. 'महापौर'सुद्धा."

मी म्हटलं, "आजोबा, म्हणजे त्यांनाही इथे शिक्षा म्हणूनच पाठवलं होतं!"

"त्यांनाही म्हणजे? आणखी कोणाला?"

मी जीभ चावली. आमच्या रूमचा आवडता शब्द त्यांना सांगावा लागला. आजोबा खो खो हसले. "चल, तुला तुझा सिनियर दाखवतो."

हा सिनियर म्हणजे ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं मंडालेचं राज्य घेतलं, त्याला आधी मद्रासला नेलं आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये बोटीने रत्नागिरीला आणलं. रत्नागिरीच का? तर इथे ना रेल्वे, ना धड रस्ते. राजाला विसरून जायला अगदी सोयीचं गाव! तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. चोवीस वर्षं दुसऱ्या बंगल्यांत काढल्यावर, १९१० साली त्याला हा राजवाडा मिळाला. जांभा दगड, लाल वीट, सागवान, रंगीत काचा. आत आता पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. राजाला राजवाड्यात जेमतेम सहा वर्षं मिळाली. १९१६ च्या डिसेंबरमध्ये तो इथेच गेला. तीस वर्षांत एकदाही त्याला आपला देश परत दिसला नाही.

वरच्या मजल्यावरून भाट्याची खाडी दिसते. आजोबा खिडकीशी उभे होते. त्यांना खाडी किती दिसत होती मला माहीत नाही. ते म्हणाले, "आता गंमत बघ. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. कुठे पाठवलं?"

हे मात्र मला येत होतं. आत्ताच तर वाचलं होतं! "मंडाले!"

"म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत. एकाच वेळी. तिकडचा इकडे, इकडचा तिकडे. टिळकांनी तिथे बसून गीतारहस्य लिहिलं."

मी तिथेच थबकले. सकाळी बघितलेलं ते साधं कौलारू घर आणि हा राजवाडा, दोन्ही एकाच गावात, रिक्षाने दहा मिनिटांच्या अंतरावर, आणि मधे अख्खा बंगालचा उपसागर!

पण मला खरी लागली ती पुढची गोष्ट. राजाचं कुटुंब १९१९ साली ब्रह्मदेशला परत गेलं. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली. राजवाड्यावर नोकरीला असलेल्या गोपाळ सावंतांपासून तिला एक मुलगी झाली होती, टूटू. ही टूटू रत्नागिरीतच वाढली, इथेच संसार केला, कागदाची फुलं करून विकली, शेणाच्या गोवऱ्या थापल्या आणि २००० साली इथेच गेली. राजाची नात! आणि बोलायची ती अस्सल मराठी.

आजोबांनी हे सहज सांगितलं, टोमणा म्हणून नव्हे. पण मी गप्प झाले. ब्रह्मदेशच्या राजाच्या नातीने या गावाची भाषा आपली केली. आणि मराठी मास्तरांची नात? तिने एक लाल शाईचं पत्र आलं म्हणून लिहिणंच सोडून दिलं. शिक्षा मला झाली होती की मी कोणाला दिली होती?

संध्याकाळी राजाच्या समाधीवर गेलो. वस्तीतच आहे, शेजारी धाकट्या राणीची. २०१२ साली म्यानमारचे अध्यक्ष इथे येऊन नमस्कार करून गेले. म्हणजे शहाण्णव वर्षांनी का होईना, कोणीतरी भेटायला आलं. मग थिबा पॉइंटवर सूर्यास्त बघितला. काजळी नदी समुद्राला मिळते तिथे पाणी आधी सोनेरी, मग तांबडं होत गेलं. आजोबांनी विचारलं, "गेला का खाली?" मी म्हटलं, "अजून अर्धा आहे." "आता?" "आता नखाएवढा." "आता?" "गेला."

दुसऱ्या दिवशी भाड्याची व्हॅन केली. आरे-वारेचा रस्ता, एका बाजूला डोंगर आणि खाली पांढरीशुभ्र वाळू, गणपतीपुळ्याचं दर्शन, मालगुंडला केशवसुतांचं घर. या सगळ्याचे फोटो तुमच्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहेत, त्यामुळे पाल्हाळ लावत नाही. परतताना वाट वाकडी करून उक्षीला गेलो. ते मात्र तुमच्यापैकी फार जणांनी बघितलं नसेल, म्हणून सांगते.

उक्षी म्हणजे कालच्या त्या करबुडे बोगद्याच्या अलीकडचं स्टेशन. गावाच्या सड्यावर, उघड्या जांभ्या कातळात, हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी भलामोठा हत्ती कोरून ठेवलाय. अशी कातळशिल्पं रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांत जागोजागी आहेत. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातल्या ज्या जागा गेल्या, त्यांत उक्षी आहे. चित्र एवढं मोठं, की साध्या नजरेलाही ते एका दमात कळत नाही. आकसलेल्या नजरेत तर त्याचा तुकडाच मावणार. आजोबा कठड्याला धरून म्हणाले, "मला नुसत्या रेघा दिसतायत गं. काय आहे ते सांग."

मग मी सांगायला लागले. "आजोबा, तुमच्या समोर पाय आहेत. आता हळूहळू वर या. ही पाठ, गोल, आपल्या टेकडीसारखी. आता पुढे चला, थांबा, हे डोकं. आणि ही सोंड, खाली येतेय..." मी बोटाने दाखवत होते, ते मान फिरवून रेघेमागून येत होते. किती वेळ बोलले आठवत नाही. व्हॅनच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला तेव्हा लक्षात आलं की एवढ्या वेळात मी एकही इंग्रजी शब्द वापरला नव्हता. आणि अडलेही नव्हते.

आजोबा म्हणाले, "दिसला हत्ती." मग थोड्या वेळाने म्हणाले, "या लोकांना अक्षरं येत नव्हती. तरी सांगायचं होतं, म्हणून दगड कोरत बसले. तुला तर अक्षरं येतात."

मी म्हटलं, "पण चुकतात, आजोबा."

"चुकू देत. मी पत्र परत पाठवलं ती माझी चूक. मास्तरकी जात नाही, काय करू?"

रविवारी स्टेशनवर गाडी हलता हलता ते खिडकीतून म्हणाले, "या दोन दिवसांचं लिहून काढ. मला वाचता येणार नाही, तू फोनवर वाच."

म्हणून हा लेख. जिथे पाठवतात ते गाव आपल्या हातात नसतं, हे थिबाला, टिळकांना आणि कॅप राऊंडवाल्या आपल्या सगळ्यांना सारखंच लागू आहे. पण तिथे गेल्यावर डोळे उघडे ठेवायचे की मिटून घ्यायचे, ते तरी आपल्या हातात असतं. मी अडीच वर्षं धडधाकट डोळे मिटून बसले होते. आता दीड वर्ष उरलंय. पूर्णगड, पावस, कशेळीचा हत्ती, रत्नदुर्गाचा भुयारी मार्ग, यादी मोठी आहे. कोणाला यायचं असेल तर रविवारी सकाळी सात वाजता हॉस्टेलच्या गेटवर या. फलक मी वाचून दाखवीन.

ता. क.: हा लेख मी आजोबांना फोनवर वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान. फक्त 'थिबा'तला 'थि' ऱ्हस्व लिहिलायस ना?" नंतर मराठी विभागाच्या मॅडमनी लेख तपासून दिला, लाल शाईनेच. सोळा चुका. तेवीसवरून सोळा! तो कागद या वेळी मी स्वतःच कपाटावर चिकटवलाय.