बादलीतलं पाणी

कॉन्व्हेंटमध्ये बेंजामिन फ्रँकलिन तोंडपाठ होता. पतंग, वीज, अमेरिकेची घटना! राजकारण आणि शोध एकाच माणसाला जमतात कसे, याचं नवल वाटायचं. फ्लुइड मेकॅनिक्सला दांडी उडाली, तेव्हा विश्वेश्वरय्या भेटले. १८८३ मध्ये पुण्याच्याच सायन्स कॉलेजातून इंजिनिअर झालेले, पुढे १९१२ ते १९१८ म्हैसूरचे दिवाण. १९०३ मध्ये खडकवासल्याला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी ठराविक पातळीच्या वर चढलं की आपोआप उघडायचे, उतरलं की मिटायचे. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. होस्टेलच्या बादलीत रोज खडकवासल्याचंच पाणी, आणि मी त्याचा दाब फक्त पेपरापुरता काढत होतो! परवा पुन्हा पेपर आहे. यावेळी फॉर्म्युला घोकलेला नाही, दरवाजा कसा उघडतो ते समजून घेतलंय.