बोअरचं पाणी आणि मलावीचे मासे

कोल्हारला आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. हंड्याला पांढरा थर धरतो. असलं पाणी मानवणारे मासे असतात, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या पाण्याचा सामू पावणेआठ ते साडेआठ. आमच्या बोअरचा मोजला तर ८ भरला. मग चार फुटी टाकी आणली. तिच्यात अडीचशे लिटर पाणी, काळे गोटे आणि मलावीचे सात सिक्लिड मासे: चार पिवळे लॅब, तीन ऑराटस.

महिन्याभरात एका ऑराटसचा रंग पालटला. पिवळ्या अंगावर काळे पट्टे होते, तिथे अंगच काळं पडलं आणि फिकट पट्टा उरला. नर माजावर आल्याची ती खूण. त्यानं मधल्या गोट्याखालची कपार धरली आणि बाकीच्यांना जगणं नकोसं केलं. एका सकाळी एक पिवळा मासा फिल्टरच्या नळीमागे, अगदी पाण्याच्या वरच्या थराशी अंग चोरून उभा दिसला. शेपटीच्या चिंध्या झालेल्या, कल्ले भराभर हलत होते. तो मी वेगळा काढला.

सगळे गोटे काढून नव्याने रचले. जुन्या हद्दी मोडल्या की मासे थोडे निवतात. पण ते दोनच दिवस. मग जाणत्यांचा उपाय केला, मासे वाढवून सोळा केले. एकाच्याच मागे लागता येत नाही, मार वाटला जातो. तसं झालंही. पण मासे वाढले तशी घाणही वाढली, आणि घाणीतून अमोनिया. सामू चढा असला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. ज्या पाण्याचं मला कौतुक होतं, तेच आता चूक पोटात घालेना.

चूक मीच केली. फिल्टरचा स्पंज नळाखाली चकचकीत धुतला. अमोनिया पचवणारे जिवाणू मुख्यतः त्या स्पंजात राहतात. नळाच्या क्लोरीननं ते मेले. तिसऱ्या दिवशी चाचणीच्या नळीत पिवळं राहायला हवं ते पाणी हिरवं झालं आणि दोन मासे दगावले. पुढे आठ दिवस रोज पाव टाकी पाणी बदललं. आता स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळतो, आणि ते पाणी पेरूच्या झाडाला जातं.

तो ऑराटस मात्र निवला नाही. शेजारचे म्हणाले, "अहो, द्या की सोडून प्रवरेत!" मी नदीत न सोडता दुकानदाराला परत दिला. बाजारात मिळणारी चिलापीही सिक्लिडच. १९५२ मध्ये ती भारतात आणली आणि आता ती नद्यांतून हटत नाही. तुमच्याकडचा मासा नकोसा झाला तर परत करा, कुणाला द्या. नदीत सोडू नका.