कूस

सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा दिवसभरासाठी एक बाई ठेवली. पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं, सूर्यास्ताआधी जेवण, कांदा-लसूण अजिबात नाही. तिनं सगळं पाळलं. महिन्याभरात सासूबाईंच्या माकडहाडापाशी लाल चट्टा उठला. डॉक्टर म्हणाले, "दर दोन तासांनी कूस बदलायला हवी." मी तिच्यावर डाफरले. ती हळूच म्हणाली, "वहिनी, हे मला कुणी सांगितलंच नाही. आणि एकटीनं वळवू कशी?"

मी गप्प. मुंगी मरू नये म्हणून जपणारी मी. माझं लक्ष ताटावर होतं, सासूबाईंच्या पाठीवर नव्हतं.

आता आम्ही दोघी मिळून वळवतो. ओढायचं नाही, खालची घडी धरून अलगद. पाठ रोज मी स्वतः बघते.