सासूबाईंबरोबर सेंट क्रॉयच्या काठी



भारतातून आलेल्या सासूबाईंना फिरायला कुठे न्यावं, असं उन्हाळा लागला की बऱ्याच जणी विचारतात. मिनियापोलिसहून तासाभरावर टेलर्स फॉल्सला इंटरस्टेट स्टेट पार्क आहे. जेमतेम ३०० एकरांचं, पण काळ्या कड्यांमधून वाहणारी सेंट क्रॉय नदी बघायला याहून सोपी जागा मला तरी माहीत नाही. पलीकडचा काठ विस्कॉन्सिनचा.

मामंजी गेल्यावर सासूबाई सांगलीहून आमच्याकडे आल्या, त्याला आठ महिने झाले. जाप, स्वाध्याय, स्वयंपाक आणि खिडकी, एवढाच त्यांचा दिवस. आता त्यांनी कायम इथेच राहावं, असं दोघा मुलांनी फोनवर ठरवून टाकलं होतं.

जूनमधल्या एका शनिवारी निघालो. बरोबर दशम्या, मुगाची सुकी उसळ आणि उकळलेलं पाणी. इथे सूर्य नऊला मावळतो, तरी सासूबाई घड्याळाप्रमाणे सहालाच जेवतात! या दिवसांत गवतात टिक असतात, आपल्या गोचिडीचीच जात. म्हणून सलवार मोज्यात खोचायची आणि वाटेच्या मधून चालायचं. अंगावर चढलीच नाही तर मारायचा प्रश्नच येत नाही.

पार्किंगला लागूनच खडकातले खोल खड्डे आहेत. सासूबाई कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "अगं, हे तर निघोजचे रांजणखळगे!" कुकडीच्या पात्रातले ते त्यांनी मामंजींबरोबर पाहिले होते. हिमयुग संपताना वितळलेल्या बर्फाचं पाणी इथून लोटलं, भोवऱ्यात दगडगोटे गरगरले आणि बसाल्ट कोरत गेले. एक खड्डा तर ६० फूट खोल आहे. इथला बसाल्ट सुमारे ११० कोटी वर्षांचा, आपल्या दख्खनचा साडेसहा कोटींचा. म्हणजे ही थोरली जाऊच म्हणायची.

पुढे नदीकाठची वाट चढउतारांची, दगडांची. सासूबाई चार हात जमीन बघत पाऊल टाकतात, मुंगी दिसली की थांबतात. माझी लेक कंटाळली. "आजी, वर बघ ना, केवढी छान नदी दिसतेय!"

"चालताना खाली, थांबल्यावर वर," आजी म्हणाली.

मग आम्ही थांबत थांबतच गेलो. कड्यावर एका सपाट खडकावर त्या बसल्या. खाली झाडपाल्याच्या अर्कानं चहाच्या रंगाचं झालेलं पाणी, त्यात दोन-तीन कयाक. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत.

"आमची कृष्णा आता गढूळ व्हायला लागली असेल," त्या म्हणाल्या. आणि त्याच आवाजात, "मला चातुर्मासाआधी घरी जायचंय."

"आई, एकट्या कशा राहाल?"

"एकटी कुठे? समोर बस्ती आहे. आठ महिने अभिषेक दिसला नाही मला. तुझ्या नवऱ्याला मी सांगेन. तू फक्त मध्ये पडू नकोस."

मी पडले नाही. त्यांनी रात्रीच सांगितलं. हे दोन दिवस घुम्यासारखे वावरले, दिरांचे तीन फोन झाले. सासूबाई शांतपणे पोळ्या लाटत होत्या.

जुलैच्या पहिल्या आठवड्यातलं तिकीट मिळालंय. तोवर पुन्हा एकदा नदीवर जायचं म्हणतायत, या वेळी विस्कॉन्सिनच्या बाजूनं.