तेरा वर्षांनी लागलेली तारीख

चाळिशी ओलांडलेल्या सरकारी कारकुनाने व्हिडिओ गेमवर लेख लिहावा, हे काही जणांना पोरकट वाटेल. आमच्या ऑफिसातही वाटते. पण आज त्यावरच लिहिणार आहे, कारण त्या खेळाची मी तेरा वर्षे वाट पाहिली आणि त्या वाट पाहण्यात माझ्या धाकट्या भावाचाही वाटा आहे.

भाऊ, आम्ही त्याला बाबू म्हणतो, तेव्हा तारवटी होता. 2007 साली रजेवर आला तेव्हा योकोहामा बंदरात घेतलेला निंटेंडो डीएस त्याने माझ्या हातात ठेवला. दोन पडद्यांचे, पुस्तकासारखे उघडणारे ते छोटेसे यंत्र. सोबत एकच खेळ, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा. वेष्टनावर सगळी जपानी अक्षरे आणि बोट रोखून उभा असलेला निळ्या सुटातला वकील. खेळाचे नाव ‘ग्याकुतेन साइबान’. साइबान म्हणजे खटला आणि ग्याकुतेन म्हणजे बाजी उलटणे.

यात बंदूक नाही की मोटारींची शर्यत नाही. वाचायचे असते. साक्षीदार साक्ष देतो, त्यातले खोटे आपण पकडायचे आणि नेमका पुरावा पुढे करायचा. बाजी उलटवण्याच्या क्षणी वकील बोट रोखून ओरडतो, ‘इगी आरी!’, म्हणजे ‘हरकत आहे!’. डीएसवर तर आपणही माइकमध्ये ओरडू शकतो. देवळाच्या जत्रेत पहाटेपर्यंत नाटके बघत वाढलेल्या माणसाला यापेक्षा वेगळे काय हवे?

मला जपानी येत नाही. पण त्या खेळात एक सोय होती. जपानी प्रत असूनही सुरुवातीला इंग्रजी निवडता येत होती. मूळ खेळ 2001 साली गेमबॉय ॲडव्हान्सवर फक्त जपानीत आलेला. लेखक-दिग्दर्शक शू ताकुमी. डीएससाठी 2005 मध्ये तो नव्याने काढला तेव्हा इंग्रजी रूप तयार झाले आणि ते जपानी प्रतीतही घातले गेले. आम्हा दोघा भावांची त्या रजेतली रात्रीची झोप त्या सोयीने खाल्ली.

पुढे माहिती जमवू लागलो तेव्हा भाषांतराची गंमत कळली. वकिलाचे मूळ नाव नारुहोदो र्‍यूइची. ‘नारुहोदो’ हा जपानी माणूस बोलताना सतत वापरतो तो उद्गार, आपल्या ‘अस्सं होय!’ किंवा ‘खरंच की!’ सारखा. आता हे इंग्रजीत आणायचे कसे? इंग्रजी रूप करणाऱ्या अलेक्झांडर ओ. स्मिथ यांनी त्याचे नाव केले फिनिक्स राइट. राइट म्हणजे ‘बरोबर’चा ध्वनी आला आणि फिनिक्स म्हणजे राखेतून उठणारा पक्षी, हरता हरता जिंकणाऱ्या वकिलाला शोभणारा. खटला जपानातून उचलून अमेरिकेत लॉस एंजेलिसला नेला. वकिलाच्या मदतनीस मुलीला मुळात रामेन, म्हणजे तिकडच्या शेवयांचे सूप, जीव की प्राण. इंग्रजीत ती बर्गरवर तुटून पडते.

बाबूला हे पटले नाही. ‘दादा, ही तर फसवणूक. जपानी माणूस तो जपानीच राहायला हवा.’

मी त्याला म्हटले, ‘मग देवलांनी ऑथेल्लोचा झुंजारराव केला ती फसवणूक? पु.लं.नी लंडनची फुलवाली उचलून तिची मंजुळा केली, ती ‘ती फुलराणी’ आपण इतकी डोक्यावर घेतली ती का?’ कलाशाखेचा पदवीधर असल्याचा असा फायदा मला आयुष्यात क्वचितच झाला आहे. बाबू हसला आणि म्हणाला, ‘मग मराठीत ह्याचे नाव काय करशील?’ मी बराच वेळ विचार केला आणि म्हटले, ‘खरे. ॲडव्होकेट खरे.’ तेव्हापासून आमच्या घरात तो खरे वकीलच आहे.

या मालिकेतली दुसरी एक शाखा आहे, तिचा नायक सरकारी वकील, मित्सुरुगी रेइजी. इंग्रजीत माइल्स एजवर्थ. त्याचा पहिला खेळ 2009 साली जपानीत आणि 2010 च्या फेब्रुवारीत इंग्रजीत आला. तो आम्ही फोनवर बोलत बोलत संपवला, बाबू अटलांटिकमध्ये कुठेतरी आणि मी इथे. 2011 च्या फेब्रुवारीत दुसरा भाग जपानात आला. बाबूचे जहाज तेव्हा तिकडेच होते. त्याने दुकानात पाहिला आणि पहिल्या वेळेसारखी यातही इंग्रजी असेल असे धरून माझ्यासाठी घेतला.

नव्हती. मे महिन्यात तो घरी आला, मी उत्साहाने खेळ घातला आणि पडदाभर फक्त जपानी अक्षरे. मी चटकन बोलून गेलो, ‘अरे, वाचताच येत नाही ते घेऊन मी काय करू? पैसे फुकट घालवलेस.’ बाबू काही बोलला नाही. जेवणाच्या वेळीसुद्धा गप्पच होता. मला वाटले, इंग्रजी आवृत्ती दोन-चार महिन्यांत येईल आणि विषय मिटेल.

आली नाही. काढणाऱ्यांनी ती इंग्रजीत आणलीच नाही. ते वेष्टन माझ्या कपाटात जन्मदाखले आणि घरपट्टीच्या पावत्यांशेजारी पडून राहिले. 2014 मध्ये जगभरच्या चाहत्यांनी स्वतःच्या हौसेने संपूर्ण खेळाचे इंग्रजी भाषांतर पुरे केले, एक पैसा न घेता. ते घालून खेळण्याचे तंत्र मला जमले नाही. शिवाय आम्ही पडलो आवक-जावक विभागातले. शिक्का नसलेला कागद पुढे सरकवायला हात धजत नाही.

मधल्या काळात बाबूने जहाज सोडले. पोर्तुगीज पासपोर्ट केला आणि आपल्याकडच्या कितीतरी मुलांसारखा इंग्लंडात स्विंडनला गेला. फोन होत राहिले, पण बोलणे आईची औषधे, घराची कौले आणि बँकेची सही यांवर आले. भांडण कधीच झाले नव्हते. फक्त बोलायचे काही उरले नव्हते. ते कपाटातले वेष्टन दिसले की मला तो मे महिन्यातला दिवस आठवायचा. एवढ्या लांबून माणूस काहीतरी आठवणीने घेऊन येतो आणि आपण त्याला काय ऐकवतो?

18 जून 2024. बाहेर धो धो पाऊस. संध्याकाळी मोबाइलवर बाबूचा निरोप आला. एकच शब्द, ‘हरकत!’ मला काही उमगेना. पाठोपाठ बातमी आली. सरकारी वकिलाचे दोन्ही भाग एकत्र, दुसरा भाग पहिल्यांदाच अधिकृत इंग्रजीत, 6 सप्टेंबरला. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. बायकोला वाटले, वीज गेली.

पंचांग पाहिले तर 7 सप्टेंबरला चवथ! म्हणजे खेळ येणार हरतालिकेच्या दिवशी, माटोळी बांधायच्या आदल्या गडबडीत. पुढचे अडीच महिने आम्ही दर आठवड्याला बोललो. चर्चा मुख्यतः नावांची. खेळात एक तरुण सरकारी वकील आहे, सगळीकडे आपणच पहिले अशा थाटात वावरणारा. मूळ नाव इचियानागी, त्यातला ‘इचि’ म्हणजे एक. चाहत्यांनी त्याला केले होते सेबास्टियन डीबेस्ट. अधिकृत आवृत्तीत झाला युस्टेस विनर. घाईत म्हणून पाहा, ‘यूसलेस विनर’ ऐकू येईल. बाबू डीबेस्टच्या बाजूने, मी विनरच्या. मराठीत मात्र एकमत झाले, ‘अव्वलकर’.

6 तारखेच्या रात्री नेवऱ्या तळून झाल्यावर मी मुलाच्या संगणकावर खेळ सुरू केला. शेजारी ते जुने वेष्टन ठेवले. तिकडे स्विंडनला संध्याकाळ होती. बाबू त्याच्या यंत्रावर, फोन चालू. चवथीला येणे त्याला जमले नव्हते. दुसऱ्या दिवशी घुमट आरती त्याला फोनवरच ऐकवली, मग पुन्हा आम्ही कोर्टात.

या खेळात अठरा वर्षांपूर्वीचा एक खटला येतो. काही काळ आपण नायकाच्या वडिलांच्या भूमिकेत शिरून तपास करतो आणि वडिलांच्या हातून अपुरे राहिलेले काम मुलगा पुरे करतो. ते करताना रात्री एक वाजता मी बाबूला म्हटले, ‘2011 साली मी जे बोललो, ते बोलायला नको होते.’ त्याला क्षणभर आठवेना. मग म्हणाला, ‘पैसे फुकट गेले नाहीत ना आता?’ आणि लगेच, ‘दादा, तूं खंय पावलो? मी तुझ्या एक साक्ष पुढे आहे.’

बाहेर कुणीतरी एका खेळावर बसून शब्दाला शब्द शोधतो, विनोदाला विनोद शोधतो. त्याला आपण कधी भेटणार नाही. गोव्यातल्या आम्हा लोकांना हे ऋण नवे नाही. घरात कोंकणी, वाचन मराठीत, ऑफिसच्या फायली इंग्रजीत. आमचे बरेचसे जग कुणीतरी भाषांतर करून दिले म्हणूनच आमच्यापर्यंत पोचले. माझ्यापर्यंत तर त्यातून भाऊही पोचला.

आता नव्या खेळाची कुणकुण लागली की पहिला फोन स्विंडनला. जपानी वेष्टन अजून कपाटात आहे, फक्त पावत्यांमधून काढून पुस्तकांत ठेवले आहे. पुढची तारीख लागली की कळवीनच.